दान, हक्क आणि ऋण: स्वारगेटच्या परिसरातून कल्याणनीतीचा विचार

ज्या माणसाजवळ अंगमेहनतीखेरीज उपजीविकेचे दुसरे साधन नाही, त्याचे अंग आजाराने, अपघाताने किंवा वयाने थकले म्हणजे त्याच्या पोषणाचा भार कोणी उचलावा, आणि मुख्य म्हणजे कोणत्या नात्याने उचलावा, हा प्रश्न अर्थशास्त्राचा मानला जात असला तरी त्याचे मूळ धर्मविचारात आहे. तिजोरीत पैसा किती आहे यावर मदतीची रक्कम ठरते; परंतु ती मदत घेणाऱ्याने मान खाली घालून घ्यायची की ताठ ठेवून, हे देणारा आणि घेणारा यांच्यातील नात्याची समाजाने काय कल्पना केली आहे यावर ठरते. पुण्याच्या स्वारगेट परिसरात या प्रश्नाचा अडीचशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास जमिनीवर उमटलेला दिसतो. एका बाजूस पर्वतीच्या पायथ्याचा रमणा, जेथे पेशवे श्रावणात दक्षिणा वाटत. दुसऱ्या बाजूस गुलटेकडीचा मार्केट यार्ड, जेथे पाठीवरून पोती वाहणाऱ्या हमालांच्या मजुरीबरोबर त्यांच्या म्हातारपणासाठीही पैसे जमा करावे लागतात. स्वारगेटपासून दोन्ही ठिकाणे पायी जाण्याजोगी आहेत.

श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा सेनापती दाभाड्यांनी तळेगावी सुरू केली आणि पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालवली असे इतिहास सांगतो. ठिकठिकाणचे विद्वान ब्राह्मण पुण्यात येत, शास्त्री त्यांची परीक्षा घेत आणि योग्यतेप्रमाणे रक्कम देत. गर्दी वाढली तेव्हा रमण्याचे प्रशस्त आवार वाटपासाठी उपयोगात आले. ही व्यवस्था केवळ एका जातीची चैन होती असे म्हणणे अपुरे ठरेल, कारण राज्याने आपल्या महसुलातील मोठा वाटा ज्ञान जतन करणाऱ्यांच्या निर्वाहासाठी नियमाने बाजूला काढावा, हे तत्त्व तीत मान्य होते. परंतु ज्या कुणब्याच्या धान्यातून तो महसूल उभा राहत असे, त्याला त्या आवारात घेणारा म्हणून जागा नव्हती. 1818मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ही प्रथा एकदम मोडली नाही. दक्षिणेच्या निधीतील काही भाग 1821मध्ये विश्रामबागवाड्यातील संस्कृत पाठशाळेकडे वळला, आणि 1849मध्ये पुण्यातील सुधारकांनी याच निधीतून मराठी ग्रंथांना उत्तेजन मिळावे असा अर्ज केला तेव्हा शहरात मोठा वाद माजला. सार्वजनिक पैशावर अधिकार कोणाचा, हा वाद पुण्यात कामगार चळवळीच्या कितीतरी आधी, दक्षिणेच्या निमित्ताने सुरू झालेला आहे, ही गोष्ट कल्याणनीतीच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही आणि ती नोंदली गेली पाहिजे.

दानाच्या विचाराचा कणा म्हणजे पात्रता. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना परतफेडीची अपेक्षा नसणे आणि देश, काल व पात्र यांचा विवेक असणे या दोन्ही अटी आहेत. पहिली अट देणाऱ्याच्या लोभाला आवर घालते आणि तिचे मोल मोठे आहे. दुसरी मात्र निवडीचा सगळा अधिकार देणाऱ्याच्या हाती ठेवते. भुकेलेल्याची भूक हा येथे देण्याचा हेतू ठरू शकतो, देण्याचे बंधन ठरत नाही. न दिल्यास देणाऱ्याचे पुण्य हुकते. घेणाऱ्याची फिर्याद कोठेही उभी राहत नाही.

भारतीय परंपरेत याहून वेगळे विचारही आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त आणि अनाथ यांचे पोषण हे राजाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. पाली वाङ्मयातील कूटदंत सुत्तात मोठा यज्ञ करू इच्छिणाऱ्या राजाला त्याचा पुरोहित सल्ला देतो की राज्यातील चोऱ्यामाऱ्या शिक्षेने थांबणार नाहीत, शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे म्हणजे त्या आपोआप थांबतील; चक्कवत्ति सीहनाद सुत्त तर निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी आणि चोरीतून हिंसा अशी कारणांची साखळीच मांडते. इस्लाममध्ये जकात ऐच्छिक दानापासून वेगळी ठेवलेली आहे आणि श्रीमंताच्या संपत्तीत मागणाऱ्याचा व वंचिताचा ठरलेला हक्क असतो असे कुराण मानते. निर्वाहाची असुरक्षितता ही राज्यव्यवस्थेतील त्रुटी आहे, गरिबाच्या अंगचा दोष नव्हे, हा विचार म्हणजे युरोपातून आलेली आयात नाही, हे एवढ्यावरूनही स्पष्ट व्हावे.

युरोपातही पात्र आणि अपात्र ही विभागणी फार काळ टिकली. इंग्लंडच्या 1601च्या गरीब-कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दीवर, तेथील गरिबांचा भार टाकला. 1834च्या सुधारित कायद्याने त्यावर असे तत्त्व बसवले की मदत घेणाऱ्याची स्थिती बाहेर काम करणाऱ्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही हलाखीची असली पाहिजे, नाहीतर लोक काम सोडून मदतीला येतील. हे तत्त्व समुद्र ओलांडून दख्खनमध्ये आले. 1876-78च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दुष्काळी कामावरील मजुराचे रोजचे धान्य सुमारे एक पौंडापर्यंत खाली आणले, तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजूर सरकारी कामे सोडून निघून गेले. उपाशी माणसाने मिळत असलेले अन्न नाकारावे, ही घटना केवळ हट्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. मदतीच्या अटींनाही न्यायाची कसोटी लागते, हे त्या निरक्षर माणसांनी कृतीने सांगितले. पुणे सार्वजनिक सभेने त्या दुष्काळाची हकिकत सरकारपुढे तपशीलवार मांडली. सत्यशोधक समाजाने स्वारगेटच्या दक्षिणेस, धनकवडीला, दुष्काळात निराधार झालेल्या मुलांसाठी आश्रम चालवला. तेथे पात्रतेची परीक्षा नव्हती, पंक्तीला बसणाऱ्याची जात विचारली जात नव्हती, आणि याच दृष्टीने त्या छोट्या प्रयत्नाचे ऐतिहासिक महत्त्व रमण्यातील वाटपाहून मोठे आहे.

जोतीराव फुले यांनी 1873मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचा मूळ वाद धार्मिक होता, आणि म्हणूनच त्याचा परिणाम आर्थिक विचारावर झाला. माणसाची दैन्यावस्था त्याच्या प्रारब्धाचे, म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्माच्या आता भोगास आलेल्या भागाचे, फळ आहे असे एकदा मानले की तिच्याबद्दल दया वाटू शकते, पण जबाबदारी कोणाची हे विचारण्याचे कारण उरत नाही. सावकार, कुलकर्णी, कोर्टकचेरी आणि करवसुली यांच्या व्यवहारात फुल्यांनी शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे दाखवली आणि प्रारब्धाला दृश्य, तपासता येण्याजोग्या कारणांनी हटवले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हाच मुद्दा अधिक नेमका केला: पूर्वकर्माचा सिद्धान्त राज्याला आणि समाजाला गरिबांविषयीच्या जबाबदारीतून मोकळे करतो, अशी त्यांची त्यावरील टीका आहे. कल्याणनीतीच्या तत्त्वज्ञानात याहून महत्त्वाचे वाक्य मराठी माणसाने लिहिलेले नसेल.

सत्यशोधक विचार घेऊनच नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरण्यांत उभे राहिले. 1884मधील सभा आणि निवेदने, पुढे गिरणी कामगारांचे संघटन आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी मान्य केलेली रविवारची साप्ताहिक सुट्टी ही त्यांच्या कार्याची ठळक फळे होत. कारखान्याचा कायदा 1881मध्ये आला आणि 1891मध्ये सुधारला गेला. याच काळात जर्मनीत बिस्मार्कने 1883मध्ये आजारपणाचा, 1884मध्ये अपघाताचा आणि 1889मध्ये वृद्धापकाळाचा विमा सुरू केला. सामाजिक विमा म्हणजे कामगार, मालक आणि काही वेळा सरकार यांनी नियमित हप्ता भरून संकटाचा भार सर्वांत वाटून घेणे. त्यामुळे मदतीचे स्वरूपच पालटले, कारण ज्याने हप्ता भरला आहे तो याचक राहत नाही.

भारतात ही दिशा निश्चित होण्यात आंबेडकरांचा वाटा मोठा आहे. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना त्यांच्या खात्याने कामाचे तास, त्रिपक्षीय परिषदा आणि आजारपणाचा विमा हे विषय पुढे नेले, ब. प. अडारकर यांनी 1944मध्ये विम्याविषयीचा अहवाल दिला आणि त्याच्या पायावर 1948चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. 1952मध्ये भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला. संविधानाच्या 41व्या अनुच्छेदात काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य यांचा अधिकार नोंदला गेला. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयातून थेट बजावून घेता न येणाऱ्या भागात, आणि राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. दानाप्रमाणेच येथेही देणाऱ्याची सवड घेणाऱ्याच्या गरजेच्या आधी आली.

या कायद्यांची एक मूक अट होती: कामगाराला एक ओळखता येणारा मालक असला पाहिजे आणि मालकाकडे ठराविक संख्येहून अधिक कामगार असले पाहिजेत. बाजारातला हमाल या अटीत कोठेच बसत नव्हता. शेतकऱ्याचा माल ट्रकमधून उतरवताना तो कोणासाठी काम करतो? शेतकऱ्यासाठी, ट्रकवाल्यासाठी, आडत्यासाठी की माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी? सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या गाळ्यावर काम करणाऱ्या टोळीचा मालक कोण, याचे उत्तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून देई, आणि त्या बोटांच्या मधल्या जागेत हमालाचे म्हातारपण हरवून जाई. शंभर किलोचे पोते पाठीवर घेणाऱ्याचा मणका किती वर्षे टिकतो हे बाजारातील प्रत्येकाला ठाऊक होते. तो मोडल्यावर त्याच्या जागी गावाकडून दुसरा तरुण येई. पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणण्याची मागणी हमालांना दीर्घकाळ लावून धरावी लागली, यावरून मालाच्या आणि माणसाच्या किमतींचे बाजारातील प्रमाण काय होते ते कळते.

1950च्या दशकाच्या मध्यात डॉ. बाबा आढाव यांनी नाना पेठ-भवानी पेठेतील भुसार बाजारात हमाल पंचायत संघटित केली. बाजार पुढे गुलटेकडीला हलला तेव्हा पंचायतीचे केंद्रही तिकडे सरकले. आढाव हे वैद्यकीय व्यवसायातून आलेले, राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले आणि फुल्यांच्या परंपरेतले. ‘एक गाव एक पाणवठा’ ही अस्पृश्यतेविरुद्धची मोहीम आणि हमालांची मजुरी ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींचे संघटन उभारले. डोक्यावरून ओझे वाहणारा तो माथाडी, ही ओळख कायद्याच्या भाषेत शिरली ती या लढ्यांमुळे. 1969च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियमाने ‘मालक कोण’ या कूटप्रश्नाला एक नवे उत्तर दिले. कामगार, मालक आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ स्थापन करायचे. हमाल आणि त्यांच्याकडून काम करून घेणारे दोघांनी तेथे नोंद करायची. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठराविक टक्के ‘लेव्ही’, म्हणजे मजुरीखेरीज भरण्याची जादा रक्कम, द्यायची. या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, दवाखान्याचा खर्च आणि अपघाताची भरपाई उभी राहते. मालक बदलला तरी कामगाराचे खाते बदलत नाही, कारण खाते मंडळात असते.

या रचनेचे तत्त्वज्ञान नीट पाहिले तर ती दानाची नाही, हे उघड आहे. पण ती निव्वळ कराराचीही नाही. कराराच्या दृष्टीने पोते उतरवले, हमाली दिली, देणेघेणे मिटले. लेव्ही सांगते की हमाली दिल्यावरही काही देणे शिल्लक राहते. पाठीची झीज त्या दिवसाच्या मजुरीत मोजलेली नसते; ती वीस-तीस वर्षांनी दिसते, आणि तोवर तिचा लाभ घेतलेले शेकडो जण बाजारातून निघून गेलेले असतात. या शिल्लक देण्याला भारतीय धर्मविचारातील सर्वांत समर्पक संकल्पना ऋणाची आहे. तैत्तिरीय संहितेत जन्मतःच माणसावर असणारी तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथे जोडते, मनुष्यांचे, आणि अन्न व आसरा देऊन ते फिटते असे मानते. रूढ धर्मशिक्षणात पहिल्या तिन्हींची चर्चा उदंड झाली. चौथे मागे पडले. त्याच्याकडे दुर्लक्ष झाले ही या परंपरेची मोठी हानी आहे, कारण समाजाच्या आर्थिक न्यायाचा पाया तिच्यातच उपलब्ध होता.

ऋण ही कल्पना दानाहून वेगळी ठरते ती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसल्यामुळे. ऋणकोला आठवण असो वा नसो, ऋण असतेच. धनको सुशील आहे की व्यसनी, विद्वान आहे की निरक्षर, यावर ते कमीजास्त होत नाही. विनोबा भाव्यांनी 1951पासून भूदानात जमीन मागताना आपल्याला घरातला आणखी एक मुलगा समजून वाटा द्यावा अशी भूमिका घेतली, तेव्हा तेही दानाच्या शब्दाखाली वाटणीचाच अधिकार मांडत होते. मात्र विनोबांनी तो अधिकार देणाऱ्याच्या हृदयपालटावर सोपवला, आणि माथाडी कायद्याने वसुलीच्या यंत्रणेवर. दोघांत अधिक उदात्त कोण, यावर मतभेद होऊ शकतो; म्हाताऱ्या हमालाच्या दृष्टीने भरवशाचे काय, यावर होऊ नये. हृदयपालट झालेल्या माणसाचा मुलगा वेगळा निघू शकतो.

या विचारावर दोन आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत. पहिला असा की वसुलीची सत्ता जेथे येते तेथे तिचा गैरवापरही येतो. काम न करता माथाडीच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्या टोळ्यांविषयी उद्योजकांच्या तक्रारी आहेत, आणि कायद्यात दुरुस्ती करण्याच्या सरकारी प्रयत्नांमागे हे एक कारण सांगितले गेले. तक्रार खरी असेल तेथे कारवाई व्हावी. पण खंडणी रोखण्यासाठी लेव्हीचे क्षेत्रच आखडून घेणे म्हणजे खोट्या धनकोच्या निमित्ताने खऱ्याचे ऋण बुडवणे होय, आणि कष्टकरी संघटनांचा विरोध याच मुद्द्यावर होता. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. काम केले म्हणून ऋण, असे म्हटले तर ज्यांचे काम कामच मानले जात नाही त्यांचे काय?

या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर पुण्यातल्याच कचरा वेचणाऱ्या स्त्रियांनी दिले. उकिरड्यावरून कागद, काच आणि पत्रा वेचणाऱ्या या बहुतांशी दलित समाजातील स्त्रियांना शहर भिकाऱ्यांत किंवा चोरांत जमा करीत असे. 1993मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली, आणि 2008पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत त्या घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागल्या, ज्यासाठी घरमालक दरमहा शुल्क देतात. कचऱ्याचा ढीग कमी होणे हा शहराचा लाभ आहे, हे मान्य करायला भाग पाडणे हीच त्या संघटनेची पहिली कामगिरी. ग्रामीण भागात हाच विचार वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेत दिसतो; 1972च्या दुष्काळात ती विस्तारली, 1977मध्ये तिचा कायदा झाला, शहरातील पगारदारांवरील व्यवसाय करातून तिला पैसा मिळाला आणि 2005च्या केंद्रीय कायद्याला तिचा आधार झाला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या दुष्काळी मजुराचे देणे कराच्या रूपाने फेडावे, ही रचना ऋणविचाराच्या फार जवळची होती.

स्वारगेटच्या चौकातून आता मोबाइलवरील मागणीप्रमाणे जेवण आणि सामान पोचवणारे तरुण दिवसभर धावतात. त्यांच्यापुढे ‘मालक कोण’ हा हमालांचाच जुना प्रश्न आहे, कारण कंपनी त्यांना कामगार न म्हणता भागीदार म्हणते. 2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के कल्याणनिधीत भरण्याची तरतूद आहे. कल्पना माथाडी मंडळाच्या कुळातली आहे, परंतु प्रत्येक खेपेच्या मजुरीशी जोडलेली लेव्ही आणि वर्षाच्या उलाढालीवरील अंशदान यांत कामगाराच्या हिशोबाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिलीत त्याला आपल्या घामाची नोंद दिसते.

नोंदीचा हा प्रश्न वार्धक्यात सर्वांत तीव्र होतो. मंडळात नाव नसलेला हमाल, मोलकरीण, बिगारी किंवा फेरीवाला थकल्यावर त्याच्यासाठी राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. आंधळ्या आईवडिलांची कावड वाहणाऱ्या मुलाचे नाव देऊन राज्याने स्वतःकडे पुत्राची भूमिका घेतली, आणि पितृऋणाचा अर्थ सार्वजनिक केला, ही गोष्ट आदरास पात्र आहे. पण तिचा लाभ घेण्यासाठी वय 65 पूर्ण झाल्याचा आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो दिल्यावर मिळणारी रक्कम महिन्याला 1,500 रुपये आहे. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माणसाला येथे आपण किती निराधार आहोत हे सिद्ध करायचे असते, किती काम केले हे कोणी विचारत नाही. रमण्यातील परीक्षेच्या जागी तहसील कचेरीतील दाखला आला आहे. बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने 2012मध्ये उभी राहिलेली पेन्शन परिषद याच जागी बोट ठेवते. असंघटित क्षेत्रातील प्रत्येक वृद्धाला किमान वेतनाच्या निम्म्याइतके निवृत्तिवेतन, उत्पन्नाची चाळणी न लावता, मिळावे ही तिची मागणी आहे. ज्या श्रमाची नोंद ठेवण्याची तसदी समाजाने घेतली नाही, त्याचा पुरावा श्रम करणाऱ्याकडे मागता येत नाही. हिशोबाची वही ऋणकोने ठेवली नसेल, तर ऋण नसल्याचे सिद्ध करण्याचा भारही ऋणकोवरच पडतो.